नवीन एव्ही रिसीव्हर बसवायचाय? आधी जुना नीट काढा

नवीन रिसीव्हर (टीव्ही, प्लेअर यांचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाजवणारा डबा) आणला, खोका फोडला, जुन्याच्या सगळ्या वायरी उपसून नव्यात खुपसल्या, माइक लावून ऑटो सेटअप (मशीनने स्वतःच स्पीकर मोजून सेटिंग लावणं) मारला, सिनेमा लावला आणि आवाज जुन्यापेक्षा फुसका. मग सुरू होतं, मॉडेलच चुकलं का, परत करू का, दुसरा कुठला घेऊ. हे इतक्या जणांनी विचारून झालंय की एकदाच सगळं लिहून टाकतोय. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं, घोळ क्रमात झालेला असतो, एका दमात दहा गोष्टी बदलल्या की त्यातली कुठली बिघडली ते कळायला मार्गच राहत नाही. त्यामुळे माझा हट्ट एकच, एक गोष्ट जोडा, ती चालतेय का बघा, मग पुढची. आणि हे रात्री जेवण झाल्यावर करायचं काम नाही, सुट्टीचा अख्खा दिवस ठेवा.

टप्पा १ : विकत घ्यायच्या आधी काय बघायचं

पहिला प्रश्न, तुमच्याकडे आत्ता नक्की आहे काय? वेगळा रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर असतील तर स्पीकर बहुतेक तसेच चालतील. पण "होम थिएटर" म्हणून एकाच खोक्यात आलेला सेट असेल, ज्यात डीव्हीडी प्लेअर आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात आणि पाच पिटुकले स्पीकर, तर जरा थांबा. अशा सेटच्या स्पीकरांच्या मागे बऱ्याचदा ३ किंवा ४ ओम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) लिहिलेलं असतं आणि प्लग कंपनीचे स्वतःचे असतात. वायर कापून जोडता येते, पण रिसीव्हर तितक्या ओमला चालतो का ते मॅन्युअलमध्ये बघूनच. खरा फटका सबवूफरचा बसतो. त्या सेटचा सबवूफर (खोल बेस वाजवणारा मोठा डबा) बहुतेकदा पॅसिव्ह असतो, म्हणजे त्याला स्वतःचा ॲम्प नसतो आणि भिंतीत लावायची वायरही नसते. नव्या रिसीव्हरच्या सबवूफर आउटमधून फक्त सिग्नल निघतो, ताकद नाही. म्हणजे तो सब मुकाच बसणार. हे आधी माहीत नसल्यामुळे हिरमुसलेले लोक मी भरपूर पाहिलेत.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. खोक्यावर मोठ्ठा आकडा असतो, खाली बारीक अक्षरात असतं एक चॅनल चालू, १ किलोहर्ट्झ, ६ ओम, १० टक्के डिस्टॉर्शन. असला आकडा सोडून द्या. दोन चॅनल चालू, ८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, असा जो आकडा स्पेसिफिकेशनच्या पानावर असतो तो बघा आणि तोच दुसऱ्या मॉडेलच्या तशाच आकड्याशी लावून बघा. आणि दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे हं, फक्त ३ डेसिबलचा फरक, कानाला "थोडा वाढला वाटतं" इतपत. जुना ८० वॅटचा आणि नवा १०० चा असेल तर ताकदीत काहीच कळणार नाही, अपग्रेड ताकदीसाठी करत असाल तर पैसे ठेवा खिशात.

चॅनल मोजताना ५.१.२ म्हणजे खाली पाच, एक सबवूफर (त्याचा ॲम्प त्याच्यातच), वर दोन, सात ॲम्प लागतात, म्हणजे ७.२ लिहिलेला रिसीव्हर पुरतो. वर चार हवेत तर नऊ लागणार.

एचडीएमआयचं डोकं शांत ठेवून बघा. साधा ४के सिनेमा, डिस्क प्लेअर, स्ट्रीमिंगची डबी या सगळ्याला १८ गिगाबिटवाले (सेकंदाला तेवढा डेटा नेणारे) पोर्ट पुरतात. ४०-४८ गिगाबिटवाले पोर्ट लागतात ते गेम कन्सोलवर ४के १२० फ्रेम खेळणाऱ्यांना, आणि त्यांनासुद्धा पळवाट आहे, कन्सोल थेट टीव्हीला लावायचा आणि आवाज ई-आर्कने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच उलटा रिसीव्हरकडे आणायची सोय) खाली आणायचा. दुसरं म्हणजे रिसीव्हरवर "८के" लिहिलंय म्हणून सगळे पोर्ट तसे असतील असं नाही, काही मॉडेलमध्ये सातातला एकच असतो, मागच्या पॅनलचा फोटो झूम करून बघा.

जुन्या गोष्टी जोडायच्या असतील, रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक, जुना व्हिडिओ प्लेअर, तर तसले पोर्ट नव्यात आहेत का तेही त्याच फोटोत मोजा. नव्या रिसीव्हरांमधून पिवळी, लाल-हिरवी-निळी व्हिडिओची छिद्रं एकेक करून गायब होत चालली आहेत. स्वतःचा प्रीॲम्प नसलेल्या रेकॉर्ड प्लेअरला "फोनो" असं लिहिलेलं इनपुट लागतं, साध्या ऑडिओ इनमध्ये लावला तर डास गुणगुणल्यासारखा आवाज येईल.

तपासा : कपाटाची खोली टेपने मोजा. रिसीव्हरची खोली अधिक मागे वायरींच्या वळणाला ६-७ सेंटिमीटर. वर किमान चार बोटं मोकळी, जास्त असली तर उत्तम. बंद दाराच्या कपाटात हे यंत्र कोंडायचं नाही, आणि वर सेट टॉप बॉक्स ठेवायचा नाही, तो खालून भाजून निघतो आणि वरून याचा श्वास कोंडतो.

टप्पा २ : जुना काढण्याआधी फोटो आणि चिठ्ठ्या

एकही वायर उपटू नका अजून.

जुना रिसीव्हर चालू करा, मेनूत जा आणि तीन स्क्रीनचे फोटो काढा, स्पीकरचं अंतर, लेव्हल, आणि क्रॉसओव्हर (ज्या हर्ट्झखालचा बेस स्पीकरऐवजी सबकडे जातो तो आकडा). हे आकडे नव्यात जसेच्या तसे भरायचे नाहीत, पण पुढे ऑटो सेटअपने काही वेडंवाकडं मोजलं तर पडताळायला हेच कामाला येतात. मग बंद करून, प्लग काढून, मागच्या बाजूचा फोटो. एक लांबून, दोन-तीन जवळून.

आता मास्किंग टेप आणि पेन. प्रत्येक स्पीकर वायरवर चिठ्ठी, "पुढचा डावा", "मागचा उजवा" असं पूर्ण लिहा. डावा-उजवा हा तुम्ही सोफ्यावर बसून टीव्हीकडे बघताना जो डावा तो डावा. तुम्ही रिसीव्हरच्या मागे वाकून उलटे बघत असता ना, तिथेच गडबड होते.

भिंतीतून गेलेल्या वायरी असतील आणि दोन्ही तारा सारख्याच दिसत असतील तर प्लस कुठली? बहुतेक वायरींवर एका बाजूला रेघ, लाल पट्टी, नाहीतर कडेला उभट कंगोरा असतो, नखाने चाचपून बघा. तेही नसेल तर रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल घ्या. वायर रिसीव्हरपासून पूर्ण सुटी असली पाहिजे. सेलची दोन टोकं दोन तारांना क्षणभर टेकवा, स्पीकरमधून "टक" येईल. कुणालातरी तिकडे वूफरच्या पडद्याकडे बघायला सांगा, पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार प्लस, आत गेला तर उलटी. धरून ठेवायचा नाही, नुसतं टेकवून उचलायचं.

सावध : रिसीव्हर नुसता रिमोटने बंद करून वायरी काढू नका. भिंतीतला प्लग काढा आणि दहा मिनिटं जाऊ द्या.

टप्पा ३ : तारांची टोकं

या टप्प्यावर लोक पाच मिनिटं देतात, मी तासभर देतो, आणि त्याचं कारण आहे. एकदा रात्री साडेअकराला सगळं जोडून मी नवाकोरा रिसीव्हर चालू केला, आतून "टक" असा रिले वाजला, डिस्प्ले उजळला, दोन सेकंदांनी परत "टक" आणि पुढचा छोटा दिवा लाल लुकलुकायला लागला. परत चालू केला, परत तेच. घाम फुटला, म्हटलं पहिल्याच दिवशी जाळलं. मग टॉर्च घेऊन मागे पालथा पडलो तर सेंटरच्या लाल टर्मिनलमधून तांब्याचा एकच केस, शब्दशः केसाएवढा, बाहेर वाकून शेजारच्या काळ्याला टेकला होता. तो काढला आणि सगळं सुरू. रिसीव्हरच्या प्रोटेक्शननेच मला वाचवलं, पण दर वेळी वाचवेलच असं नाही.

म्हणून जुनी काळवंडलेली टोकं कापून टाका. साधारण १ सेंटिमीटर नवं सोला, जास्त नाही. सोलताना आतले तंतू कापले गेले तर परत कापा, परत सोला. मग सगळे तंतू एकाच दिशेने घट्ट पीळ द्या, एकही केस बाहेर नको. बनाना प्लग लावणार असाल तर फारच छान, पुढच्या वेळी दोन मिनिटांत काम होतं, पण प्लगच्या आत तार नीट आवळली आहे का ते ओढून बघा.

वायरची जाडी : गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. खोलीतल्या साध्या अंतरांना १६ गेज पुरते, मागच्या स्पीकरपर्यंत १२-१५ मीटर फिरवून न्यायची असेल किंवा स्पीकर ४ ओमचे असतील तर १४ किंवा १२ घ्या. याच्यापुढे वायरीवर उधळपट्टी करण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

टप्पा ४ : आधी फक्त दोन स्पीकर

नवा रिसीव्हर जागेवर ठेवा. टर्मिनलवर प्लास्टिकच्या छोट्या टोप्या असतील तर त्या काढा. फक्त पुढचा डावा आणि पुढचा उजवा जोडा, लाल प्लस, काळा मायनस, दोन्ही बाजूंनी. टीव्हीला एक एचडीएमआय, रिसीव्हरवर जिथे "आउट" आणि "आर्क" किंवा "ई-आर्क" लिहिलंय तिथून टीव्हीच्या "आर्क" लिहिलेल्याच पोर्टमध्ये. बाकी काहीही नाही, ना कन्सोल ना सबवूफर.

चालू करा. सेटअप असिस्टंट येईल, भाषा, नेटवर्क वगैरे करा, आणि स्पीकर मोजण्यापाशी आला की "नंतर" म्हणा. आधी फर्मवेअर (रिसीव्हरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट. शक्य असेल तर लॅनची वायर लावून, कारण कधीकधी अर्धा-पाऊण तास जातो आणि मध्येच वायफाय गेलं तर डोक्याला ताप. अपडेट चालू असताना प्लग काढायचा नाही, स्क्रीन काळी पडली तरी नाही, बाहेर चक्कर मारून या. हे आत्ताच करायचं कारण म्हणजे काही अपडेटनंतर सेटिंग पुसली जातात, सगळं कॅलिब्रेट करून बसल्यावर हे झालं तर पुन्हा पहिल्यापासून.

मग फोनवरून ब्लूटूथने ओळखीचं एक गाणं लावा, ज्यात गाणाऱ्याचा आवाज स्पष्ट पुढे आहे.

तपासा : मधोमध बसल्यावर गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला पाहिजे. तो कुठून येतोय तेच कळत नसेल, डोक्याभोवती पसरल्यासारखा आणि बेस हरवल्यासारखा वाटत असेल, तर एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं झालंय. इथेच सापडलं म्हणून बरं, सातही जोडल्यावर शोधत बसला असतात.

टप्पा ५ : उरलेले स्पीकर आणि ॲम्प असाइन

आता बंद करून, प्लग काढून बाकीचे जोडा. जागा तपासायची हीच वेळ. पुढचे दोघे मधल्या रेषेपासून साधारण २२ ते ३० अंशांवर. ५.१ मधले सराउंड तुमच्या बाजूला किंवा किंचित मागे, ९० ते ११० अंश, कानापेक्षा थोडे वर चालतात. लोक त्यांना पार मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात टांगतात, ती जागा ७.१ मधल्या मागच्या जोडीची, १३५ ते १५० अंश. छतातले दोनच असतील तर डोक्याच्या बरोबर वर किंवा जरासे पुढे. वर फेकणारे स्पीकर घेतले असतील, म्हणजे छतावर आपटून आवाज खाली आणणारे, तर छत सपाट आणि टणक हवं, उतरतं छत किंवा आवाज शोषणारी फॉल्स सीलिंग असेल तर त्यांचा काही उपयोग नाही.

सेंटर टीव्हीखालच्या फळीवर असेल तर फळीच्या अगदी पुढच्या कडेला आणा आणि तोंड थोडं वर, कानाकडे करा. आत ढकललेला सेंटर म्हणजे संवाद मडक्यातून आल्यासारखे. "संवाद ऐकू येत नाहीत" यावरचा हा सगळ्यात फुकटचा उपाय.

यानंतर मेनूत "ॲम्प असाइन", म्हणजे कुठल्या टर्मिनलला कुठला स्पीकर लावलाय ते सांगणं. सहाव्या-सातव्या चॅनलच्या टर्मिनलना रिसीव्हर बहुतेक वेळा "सराउंड बॅक" समजून चालतो. तुम्ही तिथे छताचे स्पीकर लावलेत आणि मेनूत सांगितलंच नाही तर ॲटमॉस (वरूनही आवाज देणारा डॉल्बीचा सराउंड) कधीच येणार नाही, आणि मशीन एका शब्दाने तक्रार करणार नाही. छताचे असतील तर "टॉप मिडल", वर फेकणारे असतील तर "डॉल्बी एनेबल्ड", ही निवडही बरोबर करा, दोन्हींना रिसीव्हर वेगवेगळं वागवतो.

ओमचं एक सेटिंग काही रिसीव्हरांत असतं. तुमचे स्पीकर ६-८ ओमचे असतील तर त्याला हात लावू नका, खाली आणलं की मशीन स्वतःची ताकद कमी करून घेतं.

तपासा : टेस्ट टोन लावा, "फ्शश" असा आवाज एकेका स्पीकरमधून फिरेल. स्क्रीनवर "सराउंड लेफ्ट" असताना तुमच्या डाव्या कानाशीच आवाज हवा. उठून प्रत्येक स्पीकरपाशी कान न्या, ट्विटर आणि वूफर दोन्ही वाजतायत का बघा.

टप्पा ६ : सबवूफर

एक आरसीए वायर, रिसीव्हरच्या "सबवूफर प्री आउट १" पासून सबच्या "एलएफई" (सिनेमातला खास खोल बेसचा चॅनल) लिहिलेल्या छिद्रात. एलएफई नसेल तर "लाइन इन", डावं-उजवं असेल तर एकातच लावा, पुरतं.

मग सबच्या मागची बटणं, आणि इथे जवळजवळ सगळे चुकतात. सबवरचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर, जास्तीत जास्त आकड्यावर, किंवा "एलएफई/बायपास" वर. कारण कुठे कापायचं ते आता रिसीव्हर ठरवणार आहे, सबने पुन्हा कापलं तर मध्ये भोक पडतं आणि बेस गायब. व्हॉल्यूम अर्ध्याच्या आसपास, फेज ० वर. "ऑटो" असेल तर तूर्त "ऑन" करा, नाहीतर मोजमापाच्या मध्येच झोपी जातो.

टप्पा ७ : टीव्ही, ई-आर्क आणि बाकी डबे

क्रम पाळा, आधी टीव्हीचा आवाज खाली येतोय का ते बघा, मग एकेक डबा.

टीव्हीत तीन जागी जायचं. एचडीएमआय कंट्रोल म्हणजे सीईसी चालू, प्रत्येक कंपनीने त्याला आपलं वेगळं नाव ठेवलंय. ई-आर्क "ऑटो" किंवा "ऑन". डिजिटल आउटपुट "पास-थ्रू", ते नसेल तर "ऑटो" किंवा "बिटस्ट्रीम", पण "पीसीएम" नको, पीसीएमवर बरेच टीव्ही नुसता स्टिरिओ पाठवतात. आणि रिसीव्हरच्या मेनूतही आर्क आणि कंट्रोल चालू करावं लागतं, ते बहुतेकदा बंदच येतं.

फरक एवढा समजून घ्या. साध्या आर्कमधून कॉम्प्रेस केलेला ५.१ जातो, स्ट्रीमिंगवालं ॲटमॉसही जाऊ शकतं. डिस्कवरचं ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर जायला ई-आर्कच लागतं, त्याची वाट ३७ मेगाबिटपर्यंत रुंद आहे. जुनी ऑप्टिकल वायर ॲटमॉस नेतच नाही, ती ठेवलीत तर नव्या रिसीव्हरचा निम्मा उपयोग वाया. शिवाय काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, म्हणून डिस्क प्लेअर नेहमी थेट रिसीव्हरलाच लावा, टीव्हीला वळसा नको.

डिस्क प्लेअरच्या मेनूत आवाज "बिटस्ट्रीम", आणि "सेकंडरी ऑडिओ" नावाचं एक बारकं सेटिंग असतं ते "ऑफ". ते चालू राहिलं तर प्लेअर आवाज स्वतःच उलगडून, मिसळून पाठवतो आणि ॲटमॉसची माहिती वाटेतच गळते.

चित्रासाठी, टीव्हीच्या ज्या पोर्टला रिसीव्हर लावलाय त्याचं "एन्हान्स्ड" किंवा "डीप कलर" सेटिंग चालू करा, आणि रिसीव्हरमध्येही एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट "एन्हान्स्ड". दोघांपैकी एकाने जरी जुनाच धरून ठेवला तर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र) येत नाही. केबल ४के ६० साठी १८ गिगाबिटची, १२० साठी ४८ ची. पाचेक मीटरच्या पुढे साधी तांब्याची केबल १२० फ्रेमला नखरे करते, तिथे ऑप्टिकलवाली घ्या, पण तिला दिशा असते, एका टोकावर "सोर्स" आणि दुसऱ्यावर "डिस्प्ले" छापलेलं असतं, भिंतीत टाकण्याआधी बघा, आणि ई-आर्क चालतं असं तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

सावध : चित्र येत नाही म्हणून लगेच केबल बदलत सुटू नका. सगळ्यांचे प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, आधी टीव्ही चालू, मग रिसीव्हर, शेवटी डबा. यंत्रांची आपसात ओळखपरेड बिनसलेली असते, ती बऱ्याच वेळा एवढ्याने जमते.

टीव्ही आणि स्पीकर दोन्हीकडून एकदम आवाज येऊन विहिरीत बोलल्यासारखं वाटलं तर टीव्हीचे आतले स्पीकर बंद करायचे राहिलेत, दुसरं काही नाही.

टप्पा ८ : माइक

आता कुठे मोजायचं. पंखा बंद, एसी बंद, फ्रीज जवळ असेल तर तो पण थोडा वेळ, घरच्यांना सांगून ठेवा की वीस मिनिटं कुणी बोलणार नाही. जी खोली रोज जशी असते तशी ठेवा, पडदे रोज ओढलेले असतात तर ओढलेलेच.

माइक ट्रायपॉडवर, बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर, टोक वर छताकडे. सोफ्याच्या गादीवर किंवा पाठीवर टेकवायचा नाही, आणि हातात तर अजिबात धरायचा नाही. सोफ्याची पाठ उंच असेल तर तिच्यापासून वीतभर तरी पुढे आणा, नाहीतर माइक पाठीवरून परतणारा आवाजच मोजत बसतो. ट्रायपॉड नसेल तर खोक्यातला पुठ्ठ्याचा मनोरा चालेल, तोही नसेल तर कुणाकडून तरी मागा.

पहिली जागा म्हणजे तुमची स्वतःची मुख्य जागा, बरोबर मध्ये. अंतर आणि लेव्हल बहुतेक सिस्टिम या पहिल्या मापावरूनच ठरवतात, म्हणजे ही चुकली की पुढच्या सातही मापांना अर्थ नाही. बाकीच्या जागा तिच्याभोवती, अर्धा-पाऊण मीटरच्या आत, सोफ्याच्या पार टोकाला आणि दाराशी नेऊन मोजू नका. जितक्या देतो तितक्या सगळ्या मापा, तीनवर कंटाळून "फिनिश" दाबणारेच नंतर येऊन रडतात. आणि "टूंऽऽप" असा आवाज निघत असताना स्वतः माइक आणि स्पीकरच्या मध्ये उभे राहू नका, खोलीबाहेर जा किंवा मागे खाली बसा.

मध्येच "फेज एरर" (प्लस-मायनस उलटं असल्याची शंका) असा इशारा आला तर घाबरू नका. वायर एकदा बघा, बरोबर असेल तर "स्किप". काही स्पीकरांची आतली रचनाच अशी असते आणि भिंतीवरून परतलेला आवाजही माइकला फसवतो.

टप्पा ९ : मशीनने काय लिहिलंय ते वाचा

ऑटो सेटअप झाला म्हणजे संपलं नाही. मेनूत जा.

स्पीकर साइझ : पुढच्या मोठ्या स्पीकरांना मशीन बऱ्याचदा "लार्ज" लिहून मोकळं होतं, म्हणजे सगळा बेस त्यांच्याच गळ्यात. तुमच्याकडे सब आहे ना, मग सगळे "स्मॉल". नावाचा राग मानू नका, फुल साइझ टॉवरलाही स्मॉलच करायचं. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरुवात. मशीनने एखाद्याला १०० किंवा १२० दिलं असेल तर ते तसंच ठेवा, त्या स्पीकरला त्याच्याखाली झेपत नाही असं त्याने मोजलंय. ४० किंवा ६० दिलं असेल तर बिनधास्त ८० करा. वर नेलेलं चालतं, खाली ओढायचं नाही. "एलएफईचा लो पास" १२० वर, आणि सबवूफर मोड "एलएफई", "एलएफई प्लस मेन" नको, त्याने बेस दोनदा वाजून गढूळ होतो.

अंतर : फितीने मोजून ताडा, वीतभर फरक काही नाही. ध्वनी ३४ सेंटिमीटर जायला १ मिलिसेकंद घेतो, त्यावरून रिसीव्हर कुणाला किती थांबवायचं ते ठरवतो. सबचं अंतर मात्र चुकीचं दिसेल, माझा सब ३ मीटरवर आहे आणि मशीन ४.२ लिहितं. ते दुरुस्त करू नका! सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो. बाकी कुठल्या स्पीकरचं अंतर मीटर-दीड मीटरने चुकलं असेल तर माइकची जागा नाहीतर वायर तपासून परत मोजा.

लेव्हल : सबच्या पुढे उणे १२ दिसलं तर सबचा नॉब फार वर होता, अधिक १२ दिसलं तर फार खाली. त्या टोकाला मशीनचा हात संपलेला असतो, खरी गरज किती ते कळतच नाही. नॉब थोडा फिरवा आणि परत मोजा, आकडा शून्याच्या अलीकडे-पलीकडे आला की झालं. नंतर आवडीने सब २-३ डेसिबल वाढवला तर काही पाप नाही, मी वाढवतोच.

टप्पा १० : पहिला सिनेमा, पण इन्फो बटण दाबून

सिनेमा लावल्यावर रिमोटवरचं "इन्फो" दाबा. आत काय येतंय आणि बाहेर काय जातंय ते दोन्ही दिसतं. आत "डॉल्बी ॲटमॉस" असेल तर छान. आत "पीसीएम २.०" दिसतंय आणि बाहेर सात स्पीकर वाजतायत तर तो बनावट सराउंड आहे, दोष डब्याच्या किंवा टीव्हीच्या सेटिंगमध्ये, सातव्या टप्प्यावर परत जा. ॲपमध्ये त्या सिनेमाला ॲटमॉस आहे का, आणि तुमच्या प्लॅनमध्ये ते मिळतं का, हेही एकदा बघा, कारण नसलेल्या गोष्टीसाठी रिसीव्हरला शिव्या घालणारे आम्हीच.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर आधी "ऑटो लिप सिंक", तरी आवाज ओठांच्या पुढे पळत असेल तर ऑडिओ डिले १० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी वाढवा. आवाज मागे पडत असेल तर रिसीव्हरमध्ये वाढवून उपयोग नाही, तिथे टीव्हीचा गेम मोड बंद करून बघा, म्हणजे चित्रही थोडं उशिरा येईल.

रात्री हळू आवाजात बघताना संवाद दबतात आणि स्फोट मात्र घर उठवतात, त्यासाठी "नाइट मोड" नाहीतर "डायनॅमिक रेंज" असतं, रात्री चालू, दिवसा बंद.

आठवडाभर कशालाही हात न लावता ऐका. मग हवे ते बदल, एका वेळी एकच. सगळं मनासारखं झालं की मेनूत "सेव्ह" किंवा पेनड्राइव्हवर बॅकअप असेल तर घ्या, नसेल तर अंतर, लेव्हल, क्रॉसओव्हर आणि ॲम्प असाइन या चारही स्क्रीनचे परत फोटो काढा आणि दुसऱ्या टप्प्यातल्या फोटोंच्या शेजारीच ठेवा. सबचा "ऑटो" परत चालू करायला मात्र विसरू नका, माझा तीन आठवडे अहोरात्र चालू राहिला होता.